साडेदहा हजारांची इलेक्ट्रिक गिटार घरी आल्यावर

मे महिन्यात भाचीसाठी इलेक्ट्रिक गिटार घेतली. ऑनलाइन मागवलेली, स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध मॉडेलच्या आकाराची, तारांची थरथर पकडणाऱ्या तीन एकेरी गुंडाळ्यांची, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपची, साडेदहा हजारांची. खोक्यातून निघाली तेव्हा देखणी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, माझी बोटंच कमजोर आहेत. एफ कॉर्ड लागतच नाही." आवाज रडवेला होता. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर. संध्याकाळी सांगलीतच विश्रामबागला तिच्या घरी गेलो आणि गिटार मांडीवर घेतली. पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या (गिटारीच्या मानेवरच्या) पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा इतक्या उंच होत्या की पंचवीस वर्षं वाजवणाऱ्या माझ्या बोटांनाही जोर लावावा लागत होता. पोरीच्या बोटांत काहीच कमी नव्हतं. गिटारीचा नट, म्हणजे डोक्यापाशी तारा ज्या खाचांत बसतात ती छोटी पट्टी, उंच होता, एवढंच.

हा लेख त्या संध्याकाळमुळे लिहितोय. स्वस्त गिटार हातात घेतल्यावर पहिल्या दिवशी जे जाणवतं ते बहुतेक वेळा गिटारीचं नसतं, तिच्या सेटिंगचं असतं. लाकूड कापायचं काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात, त्यामुळे कमी किमतीतही नेक आणि बॉडी बऱ्यापैकी नेमकी निघते. काटछाट होते ती माणसाच्या हाताला लागणाऱ्या वेळेत. नटच्या खाचा खोल करणं, फ्रेटची टोकं घासणं, तारांची उंची जुळवणं ही कामं घाईत उरकली जातात किंवा राहूनच जातात. ती घरी करता येतात. थोडे दोष मात्र घरी निघत नाहीत, आणि परत करायची मुदत संपायच्या आत तेवढेच शोधायचे असतात. म्हणून आधी न सुधारणारे दोष आणि मग सुधारणारे, हा क्रम सोडू नका.

आणायच्या वस्तू

फिटर वापरतात ती सहा इंची स्टीलची पट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. फिलर गेज, म्हणजे मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तो पातळ पात्यांचा जुडगा. टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. गिटारीसोबत आलेल्या ॲलन की, एक छोटा आणि एक मध्यम स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, हजार नंबरचा पॉलिश पेपर, टूबी पेन्सिल, मोबाइलवर ट्यूनरचं ॲप आणि तारांचा एक नवा सेट. आम्हाला तारांसकट हे सगळं दोन हजारांच्या आत पडलं.

पहिली संध्याकाळ: ठेवायची की परत पाठवायची

खोकं उघडताना मोबाइलवर शूटिंग करा आणि खोकं, थर्माकोल, प्लास्टिक जपून ठेवा. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत लाकूड चांगलंच तापतं, त्यामुळे गिटार आली की लगेच ट्यून करायला बसू नका. चार-पाच तास खोलीत निवांत पडू द्या.

मग ती बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा. बॉडी आपल्याकडे, डोकं पलीकडे. नेकच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीनं नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच, किंचित आत वाकलेल्या दिसल्या तर ठीक आहे, तो बाक ट्रस रॉडनं जुळवता येतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर नेकला पीळ आहे. पीळ निघत नाही. गिटार परत करा.

ट्रस रॉड फिरतो का ते बघा. नेकच्या आत बसवलेली ही लोखंडी सळई तारांच्या ताणाला उलटा ताण देते, आणि तिचा फिरवायचा नट (तारांच्या खाचांचा नट वेगळा) डोक्यापाशी किंवा नेक बॉडीला मिळते तिथं असतो. ॲलन की पूर्ण आत बसवून आधी थोडी ढिली करा, मग जिथं होती तिथं परत आणा. हलतच नसेल तर जोर लावू नका, फोटो काढा आणि परत पाठवा. चुकीच्या मापाची की लावून त्या नटचे कोपरे झिजवले तर पुढे दुरुस्तीचा मार्ग उरत नाही, आणि कंपनीही ती गिटार परत घेणार नाही.

फ्रेटसाठी एटीएम कार्ड पुरतं. कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर आडवी टेकवा आणि दोन्ही टोकांवर हलकेच दाबा. टकटक असं डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. खालच्या बाजूला फ्रेट जवळजवळ येतात, तिथं कार्डाची आखूड बाजू वापरा. एखादा फ्रेट उंच निघाला तर घाबरू नका. चार-पाच निघाले तर ती नेक तुमच्या घरी राहायच्या लायकीची नाही.

पहिली (सगळ्यात पातळ) आणि सहावी (सगळ्यात जाड) तार शेवटच्या फ्रेटपर्यंत फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या लाकडी फळीच्या, कडांपासून साधारण सारख्या अंतरावर हव्यात. एखादी कडेला घसरलेली दिसली तर लगेच निकाल देऊ नका. या जातीच्या गिटारीत नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू पाव फेरा सैल करा, नेक हातानं किंचित सरकवा आणि पुन्हा घट्ट करा. भाचीच्या गिटारीला एवढ्यानंच उतार पडला. स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल तर ब्रिजच, म्हणजे बॉडीवर तारा अडकवायचा धातूचा भागच, वाकडा बसवलाय.

शेवटी ॲम्प, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकर, लावा. पाच ठिकाणी जाणारा स्विच एकेका ठिकाणी ठेवून चालू पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हलकेच टकटक करा, आवाज यायला हवा. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवताना येणारी खरखर किरकोळ आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर बटणाच्या फटीतून मारला की जाते. गंज काढायचा साधा स्प्रे मारू नका. ॲम्पची केबल जिथं खुपसतो त्या जॅकचा नट सैल असेल तर पाना लावताना आतली वायर पिळली जाणार नाही याकडे लक्ष द्या.

तारा

गिटारीसोबत आलेल्या तारा कारखान्यात, गोदामात आणि प्रवासात महिनोन्महिने ताणलेल्या असतात. त्यांच्यावर मत बनवू नका. नवशिक्याला 9 ते 42 हा पातळ सेट घ्या. पहिली तार 0.009 इंच आणि सहावी 0.042 इंच, असा त्याचा अर्थ.

तीन तारा काढा, उघडा पडलेला फ्रेटबोर्ड पुसा, नव्या लावा, मग उरलेल्या तीन. सगळ्या एकदम काढल्या तर मागच्या स्प्रिंगांच्या ओढीनं ब्रिज आत दबतो आणि परत जुळवायला वेळ जातो. गडद, पॉलिश नसलेल्या फ्रेटबोर्डला लेमन ऑइलचे दोन थेंब लावून कापडानं कोरडं करा. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकटतं. फिक्या, चकचकीत पॉलिशच्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही.

खोक्यावर फ्रेटबोर्डचं लाकूड म्हणून 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसलं तर ते परकं समजू नका. तो आपला ऐन. सह्याद्रीच्या जंगलात सुसरीच्या पाठीसारखी साल घेऊन उभा असतो तोच. शिसवी आणि तिच्या जातीच्या इतर लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आले, त्यानंतर स्वस्त गिटारींत ऐन पुष्कळ दिसू लागला. टणक लाकूड आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही.

तार खुंटीच्या पुढे साधारण पाच सेंटिमीटर जास्त ठेवून गुंडाळा, दोन-तीन वेढे पुरतात. वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत. सगळ्या तारा सुरात आल्या की प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात घ्या, पुन्हा ओढा. तीन-चार फेऱ्यांनंतर तार उतरणं थांबतं. नवी गिटार सुरात राहत नाही अशी तक्रार असते तिचं अर्धं कारण हे ओढणं राहून जाणं, आणि उरलेलं अर्धं बहुधा नटच्या खाचेत अडकणारी तार. त्या खाचेत पेन्सिल घासा, ग्राफाइटनं तार मोकळी सरकते.

ब्रिज हलवायचा दांडाही या गिटारीत सूर बिघडवतो. सुरुवातीला तो काढूनच ठेवा. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिचे दोन स्क्रू दिसतील. ते घट्ट करत गेलात की ब्रिज बॉडीवर सपाट टेकतो, आणि मग सूर कितीतरी स्थिर राहतो. हे पुढच्या मापांच्या आधीच करा, नंतर केलंत तर मापं बदलतील.

नेकचा बाक आणि तारांची उंची

तारा सुरात ठेवून सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता तीच तार तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फिलर गेजचं 0.25 मिलिमीटरचं पातं जेमतेम जायला हवं. जास्त फट असेल तर ट्रस रॉडचा नट, त्याच्या समोरून पाहताना, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. फट अजिबात नसेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात घ्या, पुन्हा मोजा. इथं घाई केलेली मी पाहिली आहे आणि तिची किंमतही पाहिली आहे.

बाक जुळल्यावरच उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीनं मोजा: पहिल्या तारेला दीड-पावणेदोन मिलिमीटर, सहाव्या तारेला दोन. मधल्या चार तारा या दोन मापांच्या दरम्यान, फ्रेटबोर्डच्या गोलाईला धरून चढत जाव्यात. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली सॅडल असतं आणि त्याच्या दोन बारीक स्क्रूंनी ते वरखाली होतं. भाचीची गिटार आली तेव्हा सहावी तार तीन मिलिमीटरवर होती.

नट, आणि मिरजेची एक फेरी

तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढी, म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या आसपास उरली तर उत्तम. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर नटची खाच उथळ आहे आणि तार विनाकारण उंच बसलीय. उंच नटामुळे पहिल्या तीन फ्रेटवर तार दाबायला दुप्पट कष्ट पडतात आणि दाबताना ताणली गेल्यानं सूरही चढतो. नवशिका पहिले सहा महिने याच तीन फ्रेटवर काढतो. बोटं दुखतात, कॉर्ड बेसूर वाजते, आणि आपल्याला जमत नाही असं समजून पोरं गिटार कपाटावर टाकतात. ते मला सहन होत नाही. या लेखातलं एकच माप घ्यायचं ठरवलंत तर हे घ्या.

खाच खोल करायला तारेच्या जाडीच्या बारीक कानशी लागतात. त्या महाग आहेत, आणि एकदा जास्त घासलं की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खणखणायला लागते. मी गिटार घेऊन मिरजेला गेलो. सांगलीपासून अर्ध्या तासाची वाट. तिथले सतारमेकर दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडवतायत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या आईचा तंबोरा ज्या दुकानातला, तिथले चाचा गिटार बनवत नाहीत. मी त्यांना फट दाखवली, कागदाचं माप सांगितलं. त्यांनी एकेक तार बाजूला सारून कानस दोन-तीनदाच फिरवली, तार बसवली, बोटानं छेडून कान लावला, पुन्हा कानस. सहा तारांना पाऊण तास लागला. जो हात तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे तारा टेकतात ती घोडी नाद खुलेपर्यंत घासून घडवतो, त्याला एका घासानं काय बदलतं हे ऐकू येतं. तुमच्या गावात गिटार दुरुस्त करणारा नसेल तर असा हात शोधा, आणि मापं आपण लिहून न्या.

जवारीवरूनच तारेच्या भणभणीचं सांगतो, कारण ते तिथंच मला नीट उमगलं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावर घासत थरथरते आणि त्यातून तो भरलेला, झुलणारा नाद येतो. गिटारीत तीच तार फ्रेटला घासली तर नाद मरतो, कारण फ्रेट टोकदार असतो आणि तार त्यावर आपटते. भणभण कुठं होते यावरून कारण कळतं. फक्त मोकळी तार भणभणली तर नटची खाच जास्त खोल गेलीय. पहिल्या पाच फ्रेटवर सगळीकडे होत असेल तर नेकला बाक कमी आहे, ट्रस रॉड थोडा सैल करा. बाराव्याच्या पुढे, बॉडीकडे होत असेल तर सॅडल वर घ्या. एकाच जागी होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. ॲम्पशिवाय कानाला ऐकू येणारी पण ॲम्पमधून न येणारी बारीक भणभण सोडून द्या, इलेक्ट्रिक गिटारीला ती चालते.

सूर जुळवणं

सतारीचा पडदा बेसूर वाटला तर दोरा सैल करून सरकवता येतो. गिटारीचे फ्रेट लाकडात ठोकलेले असतात, म्हणून इथं तारेची लांबी बदलतात. बाराव्या फ्रेटच्या अगदी वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा आणि ट्यूनर बघा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर हलक्या हातानं दाबून छेडा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागं, नेकपासून दूर न्या. उतरता असेल तर पुढं आणा. दर वेळी तार पुन्हा सुरात घ्यायची. गिटार वाजवताना धरतो तशीच धरा, टेबलावर आडवी ठेवून केलेलं माप फसवं निघतं.

एवढं करूनही घरात कुणी शास्त्रीय गाणारं असेल तर ई मेजर कॉर्ड ऐकून ते म्हणतील, गंधार चढा आहे. माझी आई म्हणाली. तिचं बरोबर आहे. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो, गिटारीचा 400 सेंटवर (एका सप्तकात 1200 सेंट). सप्तकाचे बारा समान भाग केल्यानं हा 14 सेंटचा फरक प्रत्येक गिटारीत येतो, ती दहा हजारांची असो की तीन लाखांची. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले तिथल्या आसपासच्या कानांना तो खुपणारच. पण ई कॉर्ड गोड करायला तिसरी तार उतरवली की मोकळ्या तिसऱ्या तारेच्या सगळ्या कॉर्ड बेसूर होतात. म्हणून ट्यूनरनं एकेक तार लावा आणि तिथंच थांबा.

फ्रेटची टोकं, पिकअप, गुणगुण

नेकच्या कडेवरून हात फिरवताना बोटाला टोचत असेल तर कोरड्या हवेत लाकूड आक्रसलंय आणि धातूची टोकं बाहेर राहिलीत. लाकडावर मास्किंग टेप लावा, बारीक सपाट कानस कडेला तिरकी धरून एकाच दिशेनं फिरवा आणि हजार नंबरच्या कागदानं शेवट करा. तासाभराचं काम आहे. हाताला गिटार महाग वाटायला लागते ती यानं.

पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजतात. सहाव्या तारेखाली सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर, पहिल्या तारेखाली दीड ते दोन. जास्त जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतो, तो दोष नाही. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा गुंजारव त्याची गुंडाळी पकडते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ही गुणगुण मारणाऱ्या हंबकरचं पेटंट मागितलं ते त्याचसाठी. तुमच्या गिटारीत मधली गुंडाळी उलटी असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी गुणगुण कमी होईल. चोकची जुनी ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर यांच्यापासून लांब बसा. तारेला हात लावला की गुणगुण कमी होते, म्हणजे ब्रिजची वायर नीट जोडलेली आहे.

हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र त्याच क्षणी ॲम्पचा प्लग काढा. गिटारीच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. सांगलीच्या गावभागातल्या कित्येक जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण आत अर्थिंगची वायरच नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या, आणि तोपर्यंत ॲम्प लावू नका. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालून कधीही वाजवू नका.

सगळी मापं एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. नवी नेक पहिल्या महिना-दोन महिन्यांत तारांच्या ताणाखाली बसत जाते आणि आपल्याकडे त्याच काळात उन्हाळ्याचा पावसाळा होतो. जूनच्या अखेरीस भाचीनं स्वतःच फिलर गेज लावला. 0.25 चं पातं सैल जात होतं, 0.35 चं बसलं. मला फोन केला, पाव फेरा फिरवू का म्हणाली. मी म्हटलं, आठवाच फिरव आणि रात्रभर थांब. सकाळी पातं बरोबर बसलं, आणि फोनवरच तिनं एफ कॉर्ड ऐकवली. सहाही तारा स्वच्छ वाजल्या.